संगोपन, गोपन आणि परक्याचे मूल

परक्याचे मूल दत्तक न घेता आपल्या घरात वाढविणे, या व्यवस्थेला शासकीय मराठीत 'बालसंगोपन' म्हणतात. शासकीय परिभाषेतील फार थोडे शब्द इतके अर्थपूर्ण असतात. 'गोपन' म्हणजे राखणे आणि गोपन म्हणजे लपविणेही. महाराष्ट्रातील निराधार मुलांच्या सांभाळाचा आधुनिक इतिहास नेमका या दोन अर्थांच्या सांध्यावर सुरू होतो.

१८६३ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात स्वतःच्या आवारात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. त्यामागे काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा खटला होता. जोतीरावांच्या परिचयातील गोवंडे यांच्या घरी ती स्वयंपाक करीत असे. फसवणुकीतून झालेले मूल तिने लोकलज्जेने मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या घटनेने हळहळलेले लोक पुण्यात आणखीही असतील. जोतीराव-सावित्रीबाईंनी मात्र या हळहळीला पत्ता दिला. गुप्तपणे या, बाळंत व्हा, मूल ठेवा किंवा घेऊन जा, अशा आशयाची छापील जाहीर पत्रके ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर लागली. आईचे गोपन झाल्याशिवाय मुलाचे संगोपन होणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे १८८४ साली मलबारींच्या टिपणांवर सरकारला अभिप्राय कळविताना जोतीरावांनी या गृहाचा हिशेब दिला. तोवर ३५ गर्भवती विधवा तेथे आल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी ५ हयात होती, ३० दगावली होती. गर्भ लपविण्यासाठी मातांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांमुळे ती गेली, असे त्यांनी म्हटले आहे. आपल्या कार्याची महती सांगणाऱ्याने हा आकडा झाकून ठेवला असता. जोतीरावांनी तो उघड मांडला, कारण त्यांना आपले औदार्य सिद्ध करायचे नव्हते, समाजाचा अपराध दाखवायचा होता.

१८७४ साली अशाच एका विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला वारस नेमले. १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे धरण्याचा यशवंताचा हक्क भाऊबंदांनी नाकारला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः धरले, असे चरित्रकार सांगतात. परक्याच्या मुलाला जेवू घालण्यास समाज फारशी हरकत घेत नाही. त्याला हक्क देण्याची वेळ आली की भाऊबंद जागे होतात. डॉक्टर झालेल्या याच यशवंताबरोबर प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १८९७ साली सावित्रीबाईंचा अंत झाला.

१८७५ साली पंढरपुरात न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थनासमाजाचा बालकाश्रम उभा राहिला. वारीच्या गर्दीत टाकून दिलेल्या अर्भकांना तो आसरा होता. मुलाला टाकायलाही विठोबाचेच गाव निवडले जावे, यातली श्रद्धा आणि असहायता एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

या काळात 'अनाथ' या शब्दाची व्याप्तीही पाहण्याजोगी आहे. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी काढलेली संस्था 'अनाथ बालिकाश्रम' म्हणवली गेली. पुण्यात १९०९ साली गरीब विद्यार्थ्यांसाठी निघालेले 'अनाथ विद्यार्थी गृह' पुढे 'पुणे विद्यार्थी गृह' झाले. 'अनाथ' हा शब्द तेथून गळाला, कारण शिकणाऱ्या मुलाच्या कपाळावर तो कायमचा का असावा? त्याआधी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरांनी मिळून एक मूल जगविण्याची ती रीत होती. पण तिच्या पंगतीला जातीची कुंपणे होती, आणि आजचे ताट उद्या मिळेलच याची हमी मुलाला नव्हती.

खेडोपाडी हे काम आजोळाने केले. उरण तालुक्यातील जासई हे पनवेलजवळचे गाव दि. बा. पाटील यांचे आणि जानेवारी १९८४ च्या शेतकरी आंदोलनाचे म्हणून ठाऊक आहे. त्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्याचा तो लढा होता. पण भातशेती आणि मिठागरांच्या या पट्ट्यात जमीन म्हणजे केवळ मोबदल्याचा विषय नव्हे. कणगीत भात असेतोवर भाच्याचे ताट कोणी वेगळे मोजत नाही. घरचे धान्य संपून दुकानचे सुरू झाले, की तेच ताट मोजले जाऊ लागते. मामाची माया आटत नाही, पण तिच्याखालचा आधार आटतो. म्हणून नात्यातल्या सांभाळालाही सार्वजनिक आधार लागतो.

हा आधार कायद्याने मान्य केला आहे. २००० च्या आणि नंतर २०१५ च्या बालन्याय कायद्यात कुटुंबाधारित संगोपनाची, म्हणजे फॉस्टर केअरची, तरतूद आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेला आता सावित्रीबाईंचे नाव आहे. तिचे मासिक साहाय्य एकेकाळी ४२५ रुपये होते, २०२१ मध्ये ते १,१०० झाले आणि २०२३ मध्ये २,२५०. करोनाकाळात आईबाप गमावलेल्या मुलांमुळे या योजनेकडे अनेकांचे प्रथमच लक्ष गेले.

आपल्या साहित्यात पोरक्या मुलाची करुणा विपुल आहे. ती वाचून डोळे भरून येणे स्वाभाविक असले, तरी संगोपन त्यानंतर सुरू होते. दत्तकात मूल आपले होते, त्याला आपले नाव मिळते. संगोपनात त्याचे नाव त्याचेच राहते. शक्य असेल तेव्हा त्याला स्वतःच्या माणसांकडे परत पाठवायचे असते. वारस मिळणार नाही, म्हातारपणाची काठी मिळणार नाही, कदाचित आठवणही राहणार नाही. तरी शाळेची फी, तापाची रात्र आणि दहावीचा निकाल आपलाच मानायचा. दत्तक घेण्याचे धैर्य सावित्रीबाईंनी दाखविले. पण त्याआधीपासूनच कोणतेही नाते नसलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी घराचे दार उघडे ठेवले होते. त्यांच्या नावाची योजना आपल्याकडे मागते आहे ते या दुसऱ्या प्रकारचे धैर्य.