राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संगणक-प्रणालीची विश्वासार्हता-चाचणी : एक ऐतिहासिक आढावा (१९९४-२०२४)

प्रस्तावना

एकाच नोंदवहीत अनेकजण एकाच वेळी लिहू लागले, तर कोणाची नोंद आधी धरावी, हा प्रश्न जुनाच आहे. संगणकाने तो सोडविला नाही. सेकंदाच्या सूक्ष्म अंशापर्यंत नेऊन ठेवला. अशा सामायिक व तत्क्षणी चालणाऱ्या प्रणालींची चाचणी कशी घ्यावी, याचे बोलके उदाहरण मुंबई उपनगर जिल्ह्यात, वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजाराच्या (एनएसई) रूपाने आढळते. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात विचार केला आहे.

सामायिक नोंदवही

एनएसईवर समभागांचे व्यवहार ३ नोव्हेंबर १९९४ रोजी सुरू झाले. तोपर्यंत मुंबई शेअर बाजारात दलाल रिंगणात उभे राहून ओरडून सौदे करीत. तेथे संगणकीय 'बोल्ट' प्रणाली मार्च १९९५ मध्ये आली. एनएसईने उपग्रह-जाळ्याद्वारे दूरदूरच्या शहरांतील दलालांचे संगणक मध्यवर्ती संगणकाशी जोडले. नियम साधा होता : चांगल्या भावाला अग्रक्रम आणि भाव समान असल्यास आधी आलेल्या मागणीला अग्रक्रम. म्हणूनच येथे केवळ वेग मोजून भागत नाही. गर्दीच्या क्षणीही क्रम अचूक राहतो की नाही, हेही तपासावे लागते. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी, बहुधा शनिवारी, दलालांसह लुटुपुटीचे व्यवहार करून पाहण्याची प्रथा पडली.

२४ फेब्रुवारी २०२१

या दिवशी सकाळी ११.४० वाजता एनएसईचे सर्व व्यवहार थांबविण्यात आले. बाजाराने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, रस्त्यालगतच्या खोदकामामुळे दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या अस्थिर झाल्या, त्यातून माहिती-साठवण यंत्रणा कोलमडली आणि जोखीम-नियंत्रण प्रणाली बंद पडली. सौदे जुळविणारी यंत्रणा चालू असूनही तारणाची खातरजमा होत नसल्याने व्यवहार चालू ठेवणे शक्य नव्हते. चेन्नईत आपत्कालीन पर्यायी केंद्र होते. तथापि कामकाज तिकडे हलविण्यात आले नाही. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी ३.४५ वाजता आणि सायंकाळी ५ पर्यंत चालले. दरम्यान, वेळ वाढणार असल्याची कल्पना नसल्याने अनेक दलालांनी ग्राहकांचे त्या दिवसापुरते सौदे मुंबई शेअर बाजारात मिटवून टाकले होते. त्याची झळ सामान्य गुंतवणूकदारांना बसली.

मार्च २०२१ मध्ये 'सेबी'ने नियम कडक केले. महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यास ३० मिनिटांच्या आत 'आपत्ती' घोषित करावी आणि तेथून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून कामकाज सुरू करावे, असे बंधन आले.

प्रत्यक्ष बाजारातील कसोटी

२ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, विशेष सत्र झाले. सकाळी ९.१५ ते १० मुख्य केंद्रातून आणि ११.३० ते १२.३० पर्यायी केंद्रातून खरे सौदे झाले. १८ मे २०२४ रोजी असेच सत्र पुन्हा झाले. समभागांच्या भावातील चढउतारावर कमाल ५ टक्क्यांची मर्यादा घातल्याने धोका आटोक्यात राहिला. लुटुपुटीच्या व्यवहारात चूक झाली तरी कोणाचे नुकसान होत नाही. येथे मात्र खरा पैसा पणाला होता.

समारोप

कार्यक्षमतेची चाचणी प्रणाली किती भार पेलते, हे सांगते. विश्वासार्हतेची चाचणी एखादा भाग निखळल्यावर ती कशी वागते आणि निर्णय कोण, किती वेळात घेतो, हे सांगते. २०२१ मध्ये पर्यायी यंत्रणा होती. तिच्याकडे वळण्याचा निर्णय मात्र झाला नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांची पडद्यावरील तपासणी घाईने सुरू होऊन निकाल लांबले, हे आपण प्राध्यापकांनी जवळून पाहिले आहे. तेथेही असंख्य परीक्षक एकाच प्रणालीवर काम करीत होते, आणि विलंबाची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली. पर्यायी व्यवस्था कागदावर असणे पुरेसे नाही. जोखीम मर्यादित ठेवून ती वेळोवेळी प्रत्यक्ष वापरून पाहिली, तरच तिच्यावर विसंबता येते.