गर्दी छायाचित्रात कशी आली? फेरीवाले, जत्रा आणि कॅमेरा यांचा इतिहास

१/ गणेशविसर्जनाची मिरवणूक असो वा गावची जत्रा, आज एका सायंकाळी हजारो छायाचित्रे सहज निघतात. फुगेवाला, गजरेवाली, कंदिलाच्या उजेडात भाजली जाणारी कणसे, मागे उसळलेली गर्दी. परंतु छायाचित्रणाच्या पहिल्या पन्नास वर्षांत हे दृश्य टिपणे जवळजवळ अशक्य होते. ते शक्य कसे झाले आणि त्यात फेरीवाल्याच्या वाट्याला काय आले, हे सांगणारा हा थ्रेड.

२/ प्रारंभ पॅरिसचा. १८३८ साली लुई दागेर याने आपल्या खिडकीतून बुलवार द्यु ताम्प्ल या वर्दळीच्या रस्त्याचे चित्र घेतले. प्रकाश काही मिनिटे आत येऊ द्यावा लागे. तेवढ्या अवधीत चालणारी माणसे, घोडे, गाड्या यांचा मागमूसही काचेआडच्या पत्र्यावर उमटला नाही. भर दिवसाचा गजबजलेला रस्ता ओस दिसतो.

३/ ओस, पण पूर्णपणे नव्हे. एका कोपऱ्यात एक माणूस पाय पुढे करून उभा आहे आणि दुसरा त्याचे बूट साफ करतो आहे, असे मानले जाते. ते दोघे जागचे हलले नाहीत, म्हणून उरले. छायाचित्रात दिसलेल्या पहिल्या माणसांत रस्त्यावर पोट भरणारा एक कारागीर आणि त्याचे गिऱ्हाईक आहे. त्यांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत.

४/ १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. मिनिटांचे काम सेकंदांवर आले, पण जाच कमी झाला नाही. काचेला रसायन लावायचे, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी धुवायचे. म्हणजे अंधारी राहुटी, बाटल्या, पाणी, तिपाई हा सारा संसार बरोबर हवा. जत्रेच्या रेट्यात तो मांडणार कुठे?

५/ ही विद्या मुंबईत लवकर पोहोचली. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिचे सभासद होते. संस्थापक सभासदांपैकी विल्यम जॉन्सन याने विल्यम हेंडरसन याच्या साह्याने १८५६ ते १८५८ या काळात छायाचित्रांचा एक नियतकालिक संग्रह काढला. पश्चिम हिंदुस्थानातील लोकांचे वेश आणि व्यवसाय हा त्यातील एक मुख्य विषय होता.

६/ पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये जॉन्सनचे मुंबईतील जातीजमातींवरील दोन खंड लंडनला प्रसिद्ध झाले. त्यांतील माणसे मोकळ्या जागेत, घरांपुढे, झाडांखाली उभी दिसतात. नीट पाहिले की काहीतरी खटकते. सावल्या जुळत नाहीत, पाय भुईला टेकल्यासारखे वाटत नाहीत.

७/ कारण ती माणसे तेथे उभीच नव्हती. त्यांचे चित्र स्टुडिओत घेतलेले, देखाव्याचे वेगळे, आणि मग दोहोंचा सांधा जुळवून एक छाप काढलेला. रस्त्यावर माणूस स्थिर राहत नाही आणि स्टुडिओत रस्ता येत नाही, या अडचणीवर काढलेला हा तोडगा होता. खाली मथळा जातीचा किंवा धंद्याचा. व्यक्तीचे नाव देण्याची गरज बहुधा वाटली नाही, कारण संग्रहाला व्यक्ती नको होती, नमुना हवा होता.

८/ यात इतिहासाचे नुकसान कोणते? वेश दिसतो, दागिने दिसतात, हातातील वस्तू दिसते. दिसत नाही तो व्यवहार. गिऱ्हाईक कोण, घासाघीस कशी चाले, पथारी कुणाच्या ओट्यापुढे पडे, शेजारी कोण बसे, हे काहीच कळत नाही. बाजारातून उचललेला विक्रेता बाजाराविषयी मुका होतो.

९/ दुसरी रीत लंडनची. १८७७ मध्ये जॉन थॉमसन हा छायाचित्रकार आणि अॅडॉल्फ स्मिथ हा पत्रकार यांनी लंडनच्या रस्त्यावरील जीवनावर मासिक अंकांची मालिका काढली. कॉव्हेंट गार्डनच्या फुलवाल्या स्त्रिया, फळे विकणारे, जुने कपडे विकणारे असे लोक तिच्यात आले. त्यांनाही क्षणभर स्तब्ध राहावे लागे. पण ते आपापल्या जागीच उभे होते.

१०/ शिवाय प्रत्येक चित्रासोबत लेख होता. धंद्याला भांडवल किती लागते, मिळकत किती, कोणत्या हंगामात काय विकले जाते, घरी खाणारी तोंडे किती, हे लेखकांनी विचारून लिहिले. कित्येकांची नावे वा टोपणनावेही नोंदवली. गरिबीच्या वर्णनावर अतिशयोक्तीचा आरोप होऊ नये म्हणून छायाचित्राची साक्ष जोडली, अशी प्रस्तावनेतील भूमिका होती. दृष्टी त्या काळाचीच, कधी उपदेशाचीही, पण चित्रातला माणूस तेथे बोलतो.

११/ तोवर तंत्र बदलत होते. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा बाजारात तयार मिळू लागल्या. राहुटी सुटली. प्रकाश सेकंदाच्या अंशापुरता पुरू लागला, म्हणून तिपाईही सुटली. १८८८ मध्ये ईस्टमनचा शंभर चित्रांचा कोडॅक आला. चालती गर्दी आता हाती धरलेल्या कॅमेऱ्यात मावू लागली.

१२/ १८९२ च्या सुमारास लंडनमध्ये पॉल मार्टिन या लाकडावर चित्रे कोरणाऱ्या कारागिराने ‘फसील’ नावाचा कॅमेरा वापरण्यास आरंभ केला. दिसायला ती काखेत धरलेली साधी पुडकी. ती घेऊन तो फेरीवाल्यांत, हमालांत आणि सुट्टीच्या जत्रांत हिंडला. १८७१ च्या कायद्याने कष्टकऱ्यांना मिळालेल्या बँक-सुट्ट्यांच्या दिवशी हॅम्पस्टेडच्या माळावर लोटणारी गर्दी, नाचणारी जोडपी, खेळणारी मुले त्याने टिपली.

१३/ ही चित्रे आजही ताजी वाटतात, कारण त्यांतील कोणालाही आपले चित्र निघते आहे हे ठाऊक नाही. त्यांचे मोल जेथून येते, तेथेच एक प्रश्नही उभा राहतो. जॉन्सनसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला निदान कॅमेरा दिसत होता. मार्टिनच्या चित्रातील माणसाला नकार देण्याची संधीच नव्हती. वेगवान झडपेने गर्दी दिली आणि विचारण्याची गरज संपवली.

१४/ पुढची गोष्ट अधिक विलक्षण आहे. मार्टिनने आपल्या काही चित्रांतील विक्रेत्यांभोवतीचा रस्ता झाकून टाकला आणि त्यांना चौथऱ्यावरील पुतळ्यांचे रूप दिले. त्या काळच्या छायाचित्र मंडळांत सुबक रचनेला मान होता, आणि रस्त्याचा पसारा तिच्यात बसत नव्हता. मुंबईत जॉन्सनने विक्रेत्याच्या मागे देखावा चिकटवला होता. ज्याला खरा रस्ता लाभला, त्या मार्टिनने तो पुसला.

१५/ म्हणजे अडचण केवळ यंत्राची नव्हती. पाहणाऱ्याला एकटा ‘फुलवाला’ वा ‘हमाल’ हवा असेल, तर कॅमेरा कितीही वेगवान झाला तरी तो एकटाच उरतो. फेरीवाल्याला त्याच्या गिऱ्हाइकांसह, मालासह, शेजाऱ्यासह पाहण्याची इच्छा आधी असावी लागते.

१६/ मार्टिन लंडनमध्ये हिंडत असतानाच, १८९३ मध्ये, महाराष्ट्रात सार्वजनिक गणेशोत्सव रस्त्यावर येत होता. लवकरच येथेही गर्दी हा कॅमेऱ्याचा विषय झाला. १८९६ साली मुंबईत ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे पाहून प्रभावित झालेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उर्फ सावे दादा यांनी लंडनहून कॅमेरा मागवला. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे मायदेशी परतले तेव्हा लोटलेल्या जनसमुदायाचे त्यांनी चित्रीकरण केले.

१७/ गर्दीच्या चित्रणाचा ओघ तेव्हापासून वाढतच गेला. पण उत्सव म्हणजे केवळ मूर्ती आणि भक्त नव्हेत. चार दिवसांच्या जत्रेवर चार महिन्यांचा हिशेब बांधणारे बत्तासे-रेवड्यांचे, बांगड्यांचे, खेळण्यांचे विक्रेते हे उत्सवाचे अर्थकारण आहेत. जत्रेत पूर्वी कोणता माल येई, कुठून येई, लाकडी खेळण्याची जागा प्लास्टिकने केव्हा घेतली, हे अशा चित्रांवरूनच कळू शकते. मात्र त्यासाठी चित्रासोबत चार ओळींची नोंद हवी.

१८/ पथविक्रेत्यांसंबंधीच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्यात विक्री-प्रमाणपत्रासोबत ओळखपत्राची तरतूद आहे. म्हणजे विक्रेत्याचा चेहरा आणि त्याचे नाव एका कागदावर यावे, हे कायद्याने मान्य केले. आपल्या चित्रसंग्रहांनी ते अजून पुरतेपणी मान्य केलेले नाही. तेथे मथळा बहुधा ‘जत्रेतील एक विक्रेता’ एवढाच असतो.

१९/ यंदा जत्रेत कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन जाल तेव्हा ऐन विक्रीच्या वेळी पथारीपुढे उभे राहून गिऱ्हाईक अडवू नका. आधी विचारा. नको म्हटले तर पुढे चला. हो म्हटले तर नाव, गाव, माल आणि भाव विचारून घ्या, आणि नाव लिहिलेले चालेल का हेही विचारा. थॉमसन आणि स्मिथ यांनी १८७७ मध्ये जे केले, त्याला आज दोन मिनिटे लागतात.

२०/ आणि घरात एखाद्या जुन्या जत्रेचे, उरुसाचे, आठवडी बाजाराचे छायाचित्र असेल, तर ते घरातील वडीलधाऱ्यांना दाखवा. कडेला उभा असलेला तो पेढेवाला कोण, ती माळीण कोणत्या वाडीची, हे सांगू शकणारी माणसे फार काळ असणार नाहीत. त्यांनी सांगितलेले मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहून ठेवा. सालासह.