एका क्लिकचा खटला आणि माझे २,७८६ रुपये

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून.

गेल्या मार्चमध्ये मेसचे पैसे भरायला मी ताईकडे दोन हजार रुपये मागितले. तिने लगेच पाठवले आणि खाली एवढंच लिहिलं, "स्टेटमेंट पाठव." नोकरी लागून दोन वर्षं झालेल्या माणसाकडे बहिणीने स्टेटमेंट मागणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. पाठवलं. पाच मिनिटांत फोन. "हे दर महिन्याला १९९ कोणाला देतोस रे?"

मला सांगताच येईना. शोधल्यावर कळलं, एक व्यायामाचं ॲप. फुकट ट्रायल म्हणून घेतलेलं, पहिल्या आठवड्यानंतर कधी उघडलेलंही नाही. चौदा महिने. २,७८६ रुपये. ताईकडून घेतलेल्या उसन्यापेक्षा जास्त!

"लक्ष कुठे असतं तुझं?" ती म्हणाली. आता लक्ष माझंच गेलं नव्हतं, हे खरं. पण पैसे देताना आपलं लक्ष जाऊच नये, ही सोय मुळात कधीपासून व्हायला लागली, हे मी शोधायला बसलो. आणि थेट १९९९ सालच्या एका खटल्यापर्यंत पोहोचलो.

२८ सप्टेंबर १९९९ ला ॲमेझॉनला अमेरिकेत एक पेटंट मिळालं. कशाचं? एका क्लिकमध्ये खरेदी करण्याचं. पत्ता आणि कार्डाचा नंबर आधीच साठवलेला, तुम्ही फक्त एकदा बटण दाबायचं. महिनाभराच्या आतच त्यांनी बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीवर खटला भरला, कारण त्यांच्या साइटवरही तसंच बटण होतं. १ डिसेंबरला, म्हणजे ऐन नाताळच्या खरेदीत, कोर्टाने ते वापरायला मनाई केली. मग बार्न्स अँड नोबलने काय केलं असेल? आणखी एक क्लिक वाढवला! बस, एवढंच. पुढे अपिलात ती मनाई उठली, पण तोवर नाताळ होऊन गेला होता. २००० साली ॲपलनेही या पेटंटचा परवाना घेतला.

मला यातली गंमत ही वाटते, की ग्राहकाला एक सेकंद जास्त थांबावं लागणं किती महाग पडतं, हे कंपन्यांना तेव्हाच कळलं होतं. त्या एका सेकंदासाठी त्या कोर्टात गेल्या. आपल्याला मात्र तो सेकंद म्हणजे नुसती कटकट वाटतो.

२००१ मध्ये प्रेलेक आणि सिमेस्टर या दोन अभ्यासकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली. काहींना सांगितलं रोख द्यायची आहे, काहींना सांगितलं कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाली. तिकीट तेच, सामना तोच.

आता आपल्याकडे या. भारतात गोष्ट थोडी उलटी घडली. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची केली: कार्डावर छापलेली नाही अशी एखादी खूण द्यायची. आपला ओटीपी या नियमामुळे घरोघरी पोचला. २०१४ मध्ये उबर परदेशी गेटवेमधून ओटीपीशिवाय पैसे कापत होती, तेही ऑगस्टमध्ये बँकेने अडवलं. मग उबर पेटीएमच्या वॉलेटवर आली. ही सगळी खटपट फसवणूक रोखण्यासाठी होती, आपली उधळपट्टी रोखण्यासाठी नाही, हे स्पष्ट सांगतो. पण थांबा तर मिळालाच ना! शिवाय वॉलेटला तळ असायचा. पाचशे टाकले, संपले, की कळायचं. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि सरळ बँकेच्या खात्याला जोडलं गेलं. तळ गेला.

ऑटोपेचंही तसंच. १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम आहे, की दर महिन्याचे पैसे कापण्याआधी किमान २४ तास तुम्हाला कळवायचं. म्हणजे मला चौदा वेळा मेसेज आले होते! मी बँकेचे मेसेज म्यूट करून ठेवले होते. सेलच्या नोटिफिकेशन मात्र चालू. यावर ताई काय बोलली ते इथे सांगत नाही.

त्या रात्री मी दोन्हीची अदलाबदल केली: बँकेचा आवाज चालू, दुकानांचा बंद. खरेदीच्या ॲपमधून साठवलेलं कार्ड काढलं. आता काही घ्यायचं तर उठून पाकीट आणावं लागतं, आणि खरं सांगू, निम्म्या वेळा मी उठतच नाही. यूपीआयच्या सेटिंगमध्ये ऑटोपेची यादी असते, ती पगाराच्या दिवशी बघतो.

आणि चहा-वडापावसाठी यूपीआय लाइट. २०२२ मध्ये ते आलं, छोट्या रकमेला पिन लागत नाही. म्हणजे ते सेकंदभर थांबणंही गेलं, असं मला आधी वाटलं. पण त्यात पैसे आधी भरावे लागतात, वॉलेटसारखे, आणि ते संपतात. फक्त एक करा, ऑटो टॉप-अप बंद ठेवा. ते चालू असलं की डबा आपला आपण भरत राहतो आणि तळ दिसतच नाही. मी दर सोमवारी ५०० टाकतो.

आज गुरुवार. ४० उरलेत. रेकॉर्डिंग झाल्यावर चहा अमोघ पाजणार आहे, त्याने माइकसमोर कबूल केलंय.