हॉटलाइन : ध्वनी नसलेल्या दुव्याची कुळकथा

वॉशिंग्टन आणि मॉस्को यांना जोडणारी ‘हॉटलाइन’ म्हणजे अमेरिकी अध्यक्षांच्या मेजावरचा लाल दूरध्वनी, ही समजूत चित्रपटांनी इतकी रुजवली आहे की, या दुव्यात बोलण्याची सोयच मुद्दाम ठेवलेली नव्हती, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या दुव्याचे मूळ ऑक्टोबर १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगात आहे. सोव्हिएत संघाने क्यूबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे आणल्यामुळे दोन्ही महासत्ता युद्धाच्या कड्यावर उभ्या असताना, २६ ऑक्टोबरला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी अमेरिकी अध्यक्ष केनेडींना लिहिलेले दीर्घ पत्र मॉस्कोतील अमेरिकी वकिलातीमार्फत वॉशिंग्टनला पूर्ण पोहोचायला जवळजवळ बारा तास लागले. वॉशिंग्टनमधील सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांच्या आठवणींनुसार, त्यांच्या सांकेतिक तारा नेण्यासाठी तार कंपनीचा एक तरुण सायकलवरून वकिलातीत येत असे. जगाचे भवितव्य त्या सायकलच्या वेगावर टांगलेले होते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही. २८ ऑक्टोबरला तर ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे मागे घेण्याचा निर्णय, वेळ वाचावा म्हणून, मॉस्को रेडिओवरूनच जाहीर केला.

या अनुभवातून २० जून १९६३ रोजी जिनिव्हा येथे करार झाला आणि ३० ऑगस्टला दुवा सुरू झाला. त्याच्या दोन्ही टोकांना टेलिप्रिंटर, म्हणजे एकीकडे टंकलेला मजकूर दुसरीकडे आपोआप कागदावर उमटवणारी यंत्रे होती; अमेरिकेने रोमन लिपीची यंत्रे मॉस्कोला दिली, तर रशियन लिपीची यंत्रे वॉशिंग्टनला आली, कारण प्रत्येकाने आपल्याच भाषेत लिहायचे असे ठरले होते. लेखनाची ही निवड या रचनेचा प्राण होय. बोललेल्या शब्दाचे घाईत केलेले भाषांतर चुकू शकते आणि आवाजातील चढउताराचा भलताच अर्थ लागू शकतो, उलट लिखित मजकूर पुन्हा वाचता येतो आणि उत्तरापूर्वी सल्लामसलतीला अवकाश मिळतो.

तार वॉशिंग्टनहून लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम व हेलसिंकी अशी मॉस्कोला जात असे आणि मोरोक्कोतील टँजियरमार्गे पर्यायी रेडिओ दुवा होता. गुप्ततेसाठी यादृच्छिक चिन्हांची, एकदाच वापरून टाकून द्यायची फीत योजली होती. या फितीच्या जोड्या प्रत्येक पक्ष आपल्या वकिलातीमार्फत दुसऱ्याला पुरवी, त्यामुळे एकमेकांवर विश्वास नसलेल्या या दोन राज्यांना आपापली खरी सांकेतिक पद्धत उघड न करताही गुप्तपणे बोलता आले.

पहिला कसोटीचा प्रसंग ५ जून १९६७ रोजी, अरब-इस्रायल युद्ध भडकताच आला, तेव्हा सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांचा संदेश पेंटॅगॉनमधील यंत्रावर उमटला. तीन दिवसांनी इस्रायलने चुकून अमेरिकी नौदलाच्या ‘लिबर्टी’ या जहाजावर हल्ला केला, तेव्हा मदतीला निघालेल्या अमेरिकी विमानांचा हेतू अध्यक्ष जॉन्सन यांनी याच मार्गाने मॉस्कोला आधी कळवला. भूमध्य समुद्रात दोन्ही आरमारे समोरासमोर असताना त्या विमानांचा वेगळा अर्थ लागला नाही, यात या यंत्राचे मोल दिसते.

१९७१ च्या करारानुसार पुढे उपग्रहांचे दुवे जोडले गेले आणि १९८० च्या दशकात नकाशे व आकृत्या पाठवता याव्यात म्हणून फॅक्सची भर पडली. शीतयुद्ध संपेपर्यंत आवाजाची वाहिनी मात्र त्यात कधीही आली नाही.