डार्विन मानणं हा धर्म आहे का?

लोअर परळच्या बीडीडी चाळीतला एक पोरगा विचारतो, “दादा, उत्क्रांती मानणं हाही धर्मच ना?” ही भाषा त्याची नाही. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत डार्विनला चूक ठरवून गेले. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली. (तेव्हा आपण किती जण बोललो?)

बाबासाहेबांची कसोटी लावा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) सांगतो: धर्मग्रंथ कधी चुकत नाहीत असं मानणं म्हणजे धम्म नव्हे. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथात आनुवंशिकतेचा उलगडा नव्हता. तो मेंडेलच्या कामातून झाला, सिद्धांत दुरुस्त झाला. वेदांत अशी दुरुस्ती कोणी करून दाखवावी! मग उत्क्रांती धर्म कशी?

पण ती धम्मही नाही. ‘बळी तो कान पिळी’ हा निसर्गनियम सांगून जातीचं समर्थन करणाऱ्यांना उत्तर डार्विन देत नाही, धम्म देतो.