परमुलखातील बिऱ्हाड : गोवेकरांची मुंबईतील कूड

मुंबईत पगार मिळतो, पण तो उरत नाही, ही तक्रार आजची नव्हे. ज्यांच्या घरचे कोणी परळ-लालबागच्या गिरण्यांत होते, त्यांना ती वाडवडिलांकडून ऐकून ठाऊक असेल. एका खोलीत गावचे दहा-पंधराजण, पाळीपाळीने निजायचे, खानावळीत जेवायचे आणि उरेल ती मनिऑर्डर गावी. आज मी याच तऱ्हेची, पण जरा वेगळी हकीकत सांगणार आहे. ती आहे गोव्याच्या तारवटींची, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांची.

वेगळी एवढ्यासाठी की, या माणसांना मुंबई हा परमुलूख होता. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. म्हणजे साष्टी-बारदेशातला मनुष्य पणजीहून बोटीत बसून मुंबईस उतरला की तो पोर्तुगालचा प्रजाजन इंग्रजांच्या राज्यात पोटासाठी आलेला असे. गावी शेत थोडे, कारखाने जवळजवळ नाहीत आणि मुंबईच्या बंदरात तर आगबोटींची गर्दी. या बोटींवर आचारी, बटलर, वाढपी म्हणून गोवेकर ख्रिस्ती माणसाला मागणी होती, कारण साहेबाच्या जेवणातले काहीही त्याला वर्ज्य नव्हते. कोणी पाववाले झाले, कोणी शिंपी. चर्चच्या शाळेत सूर वाचायला शिकलेले काहीजण बँडमध्ये शिरले.

पण बोटीची नोकरी कशी असते, पाहा. एक फेरी संपली की माणूस मोकळा. पुढची बोट महिन्याने लागेल की सहा महिन्यांनी, हे कोण सांगणार? 'नळी', म्हणजे खलाशाचा दाखला, खिशात ठेवून त्याने थांबायचे. थांबायचे कुठे, तर मुंबईतच, कारण बोटीवर भरती तिथेच होई. म्हणजे कमाई नाही आणि खर्च शहरातला! सफरीवर जोडलेले पैसे या थांबण्यातच संपून जायचे.

यावर त्यांनी जी तोड काढली ती 'कूड'. कोंकणीत कूड म्हणजे खोली. इंग्रजीत तिलाच क्लब म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून एकेका गावच्या लोकांनी मिळून धोबीतलाव, कावेल, माझगाव, डाबूल अशा भागांत जागा भाड्याने घेतल्या. एक मोठे दालन, भिंतीला लागून ओळीने पेट्या. प्रत्येकाची पेटी हेच त्याचे घर. दिवसा तिच्यावर बसायचे, रात्री तिच्या पुढ्यात चटई पसरायची. महिन्याला थोडकी वर्गणी. बेकाराकडून ती लगेच मागत नसत, बोट लागल्यावर तो चुकती करी. जामीन कोण, तर गाव! पैसे बुडवून तोंड कुठे दाखवणार?

शिक्षक मंडळींना यातला हिशेब मुलांना घालण्याजोगा वाटेल. समजा, एका कुडीत शंभर सभासद आहेत आणि दालनात चाळीस चटया मावतात. साठजण समुद्रावर असले तर कोणालाच अडचण नाही. भाडे मात्र शंभरांत वाटले जाते. सफरीवर गेलेल्याची पेटी तेवढी भिंतीशी राहते. मुंबईतली महाग जागा स्वस्त झाली ती अशी. यात कोणा दानशूराचा किंवा सरकारचा हात नव्हता.

कुडीला अध्यक्ष, चिटणीस, हिशेब, नियम सारे असे. संध्याकाळी वेदीपुढे सर्वांनी रोजार म्हणायचा, गावच्या संताचे फेस्त मुंबईतही करायचे. कोणी वारला तर त्याच्या मातीचे पाहायचे. मला वाटते, ही रीत त्यांना शिकवावी लागली नसेल. गोव्यात जमीन सामाईक ठेवून उत्पन्न वाटून घेण्याची गांवकारी फार जुनी. परंतु गावाबरोबर गावाचे दोषही आले. पुष्कळ गावांच्या जातवार, वाड्यावार निरनिराळ्या कुडी निघाल्या. एका गावचे दोघे एकाच बोटीवर राबत आणि उतरल्यावर दोन वेगळ्या जिन्यांनी वर चढत. शिवाय ही सोय पुरुषांची. साहेबांच्या घरी आया म्हणून राबणाऱ्या बायांना आसरा मालकिणीचाच.

मुंबईतल्या या गोवेकर वस्तीनेच कोंकणी रंगभूमीला 'तियात्र' दिले. पहिला तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी झाला, तो मडगावात नव्हे, मुंबईत.

दुसऱ्या महायुद्धात व्यापारी बोटी बुडू लागल्या, तेव्हा परत न आलेल्यांत गोव्याचेही पुष्कळ खलाशी होते. पुढे १९५५ मध्ये भारताने गोव्याची सरहद्द बंद केली आणि मुंबईतल्या माणसाला घरी जाणे कठीण होऊन बसले. गोवा मुक्त झाल्यावर वाट खुली झाली खरी, पण तोवर तरुणांच्या नजरा आखातापर्यंत पोचू लागल्या होत्या. पुढे बोटींवरच्या नोकऱ्या बदलल्या, मुंबईच्या जागांना सोन्याचे मोल आले आणि एकेक कूड मिटत गेली. धोबीतलावच्या जेर महाल या इमारतीत मात्र काही कुडी अगदी अलीकडच्या काळापर्यंत टिकून होत्या. दारावर गावाचे नाव, आत वेदी आणि भिंतीशी ओळीने पेट्या.