‘औषध मारणे’ : एका शब्दाचा घरापासून शिवारापर्यंतचा प्रवास

मराठी माणूस ताप आला की औषध घेतो आणि घरात ढेकूण झाले की औषध मारतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावात मात्र कोणी मान खाली घालून ‘त्यानं औषध घेतलं’ असे म्हटले, तर ऐकणारा पुढे काही विचारीत नाही. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ आहेत. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतची वाट घरातल्या ढेकूण-डासांवरून गेली आहे, असे आम्हांस वाटते.

औषध हा शब्द ‘ओषधी’पासून, म्हणजे वनस्पतीपासून आला. जुन्या वऱ्हाडी घरात कीटकांवरचा उपायही बहुधा वनस्पतीचाच असे. धान्यात कडुनिंबाचा पाला, कपड्यांत वेखंड, तिन्हीसांजेला निंबाचा धूर. जोडीला शेणामातीचे सारवण. भेगा बुजल्या की ढेकणांचा आसरा जाई. बाज उन्हात टाकून तिच्या सांध्यांत उकळते पाणी ओतीत. यातल्या कशानेही किडा निर्वंश होत नसे, तो आटोक्यात राहत असे. त्या व्यवहारात औषध आणि विष यांची गल्लत होण्याचे फारसे कारण नव्हते.

ते कारण डीडीटीने निर्माण केले. पॉल म्यूलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाला १९३९ साली त्याचा कीटकनाशक गुण आढळला आणि १९४८ साली त्याला नोबेल मिळाले, तेही वैद्यकाचे! कीटक मारणारे द्रव्य वैद्यकाच्या दालनात आले ते असे. मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४५-४६च्या सुमारास कानडा व धारवाड जिल्ह्यांत घरोघर डीडीटी फवारून हिवताप रोखता येतो हे दाखविले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९६५पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास उतरली. दारात येणारा फवारेवाला आरोग्य खात्याचा होता. त्याच्या पंपातल्या द्रवाला लोकांनी औषध म्हटले, यात नवल नाही.

प्रारंभी त्या फवाऱ्याने ढेकूणही मेले आणि लोक खूश झाले. पुढे ढेकूण त्याला सरावले. फवाऱ्याने ढेकूण मरत नाहीत, उलट चवताळून बाहेर येतात, अशा तक्रारी ठिकठिकाणी झाल्या आणि दारे बंद होऊ लागली. कुठे गृहिणींनी फवारलेली भिंत पुन्हा सारवून टाकली. जुन्या उपायाने नव्याला झाकले. डासही सरावले. १९७६ साली हिवतापाचे रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले.

तोवर शब्द शिवारात पोचला होता. १९५८ साली केरळात कीटकनाशकाने दूषित झालेले धान्य-साखर खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यातून पुढे १९६८चा कीटकनाशक कायदा झाला. त्यानुसार जहाल द्रव्याच्या डबीवर लाल अक्षरांत ‘विष’ छापावे लागते. डबीवर विष आणि तोंडी औषध, असा हा दुभंग आहे. २००२ साली बीटी कापूस आला. फवारे कमी होतील, ही आशा काही वर्षेच टिकली. ढेकणासारखी गुलाबी बोंडअळीही सरावली. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागलेली, तोंडाला फार तर रुमाल. वापरलेल्या द्रव्यांत सायपरमेथ्रिनही होते. घरातल्या डासांच्या वडीतले ॲलेथ्रिन त्याच्याच कुळातले, आणि त्या कुळाचे मूळ एका शेवंतीवर्गीय फुलात. ओषधीची ही अशीही वंशावळ!

भाषेला असे वळण नवे नाही. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. ‘दवादारू’त तो अर्थ अजून शिल्लक आहे. मराठीत तीच दारू बंदुकीत गेली आणि पेल्यातही गेली. पण बंदुकीची दारू हाताळताना ती औषध आहे, असे कोणी समजत नाही. येथे ती सोय राहिलेली नाही.

ती माणसे केवळ एका शब्दाने मेली नाहीत. रोजंदारीची गरज, न मिळालेले हातमोजे-मुखवटे, एकत्र कालवलेली द्रव्ये, ही कारणे आधीची. तरीही एक गोष्ट आम्हांस अस्वस्थ करते. मरणाच्या बातमीत ‘औषध’ म्हणताच सारे गाव त्याचा अर्थ विष असाच घेते. दुसऱ्या दिवशी तीच बाटली पंपात ओतताना ती पुन्हा औषध होते. ‘कीटकनाशक’ हा शब्द शुद्ध खरा, पण तो परिपत्रकातच राहिला. बांधावर बोलता येईल असा शब्द आपल्याकडे आधीच आहे, दोन अक्षरी आहे आणि डबीवर छापलेला आहे. अर्थच्छटा शिकविणाऱ्या आम्हां अध्यापकांनी तो वापरात आणायला काय हरकत आहे?